राज्याच्या घटनेत शिकारीचा हक्क? (मतपत्रिका समोर ठेवून विचारतोय)

टँपाकर (१४ ऑक्टोबर २०२४)

मिल्टन वादळात गेलेली वीज काल संध्याकाळी आली. त्या अंधारात जे काही वाचलं त्यात टपालानं आलेली मतपत्रिकाही होती. मेणबत्तीच्या उजेडात वाचल्यामुळे जरा जास्तच मन लावून वाचली गेली. नागरिकत्व गेल्या वर्षी मिळालं, म्हणजे इथलं माझं हे पहिलंच मतदान.

राष्ट्राध्यक्ष वगैरे ठरलेलंच होतं. अडलो ते दुरुस्ती क्रमांक २ वर. फ्लोरिडाच्या घटनेत नवं कलम घालायचं का, असा प्रश्न आहे. माझ्या भाषेत त्याचा मथितार्थ असा: मासेमारी, शिकार आणि मासे व वन्यप्राणी मिळवणं, त्यात पारंपरिक पद्धतीही आल्या, हा जनतेचा हक्क म्हणून कायमचा जपला जाईल, आणि वन्यजीवांचं जबाबदारीनं व्यवस्थापन व नियंत्रण करायचं तर शिकार-मासेमारी हाच पसंतीचा मार्ग असेल. राज्याच्या वन्यजीव आयोगाचे अधिकार आहेत तसेच राहतील, असंही खाली म्हटलंय.

आपल्याकडे 'राज्यघटना' म्हटलं की देशाची. इथे प्रत्येक राज्याची आपली वेगळी असते, आणि तीत लोक मतदान करून वाट्टेल ते घालू शकतात, हे मला या निमित्तानं कळलं.

शेजारी निवृत्त गृहस्थ आहेत. दर शनिवारी गळ घेऊन जातात आणि जास्तीचा मासा आम्हाला आणून देतात. ते म्हणतात, डोळे मिटून 'हो' कर. मुलगी अकरावीत. ती म्हणते, बाबा, 'नाही'. बायको म्हणते, मासा साफ करून देणार असतील तर 'हो'.

शिकार चांगली की वाईट हा माझा प्रश्न नाही. आज फ्लोरिडात परवाना काढून कुणीही मासे पकडतो, हंगामात हरीण मारतो. कुणीही अडवत नाहीये. मग जे कुणी हिरावून घेत नाहीये ते घटनेत कशाला कोरायचं? की मला न दिसणारं काही आहे?

पॉपकॉर्नवाला

अमेरिका + बंदूक + मांसाहार + घटना. प्रतिसादांचं शतक नक्की. मी आलोच पॉपकॉर्न घेऊन.

शाकाहारी_वाघ

यात विचारायचं काय आहे? मुलीचं ऐका. एकविसाव्या शतकात मुक्या जिवाला मारण्याचा 'हक्क'? उद्या मासा गळातून सुटण्याचा हक्क मागेल तेव्हा त्याची बाजू कोण मांडणार?

पॉपकॉर्नवाला

माशाच्या बाजूनं बोलणाऱ्या वाघाचा मी आजपासून चाहता.

खारीचा_वाटा

टँपाकर, आमच्या मिनेसोटात हे १९९८ सालीच झालं. सुमारे ७७ टक्के मतं पडली होती. त्याच निवडणुकीत आम्ही एका माजी कुस्तीगिराला गव्हर्नर केलं, त्यामुळे बाकीच्या देशाचं या दुरुस्तीकडे लक्षच गेलं नाही. आमचं वाक्य मात्र तुमच्यापेक्षा सौम्य आहे. शिकार आणि मासेमारी हा आमच्या वारशाचा मोलाचा भाग आहे, तो लोकांसाठी कायम जपावा आणि लोकहितासाठी कायद्यानं व नियमांनी सांभाळावा, एवढंच. 'पसंतीचा मार्ग' वगैरे भानगड त्यात नाही.

मी इथे पंचवीसहून जास्त वर्षं आहे. पहिल्या हिवाळ्यात ऑफिसातले लोक मला गोठलेल्या तळ्यावर घेऊन गेले. बर्फावर गाडी घातली तेव्हा माझ्या तोंडून रामरक्षा सुरू झाली. मग भलंमोठं गिरमिट काढून भोक पाडलं, उलट्या बादलीवर बसवलं आणि हातात वीतभर काठी दिली. तीन तासांत माझा मासा एकच, तोही बोटाएवढा. पण त्या तीन तासांत शेजारी बसलेला माणूस त्याच्या आजोबांबद्दल जेवढं बोलला, तेवढं नंतरच्या दहा वर्षांत ऑफिसात बोलला नाही. 'वारसा' हा शब्द मतपत्रिकेवर पाहिल्यावर या लोकांना काय दिसतं ते मला त्या बादलीवर बसून कळलं. तेव्हा मताधिकार नव्हता. असता तर 'हो' म्हटलं असतं.

वकीलीणबाई

टँपाकर, प्रश्न नेमका विचारलात. जरा लांबण लावते, माफ करा.

यात पहिलं राज्य व्हर्माँट, १७७७. त्या काळात इंग्लंडात शिकार म्हणजे जमीनदारांची मक्तेदारी. १७२३ च्या ब्लॅक अ‍ॅक्टमध्ये तर चोरट्या शिकारीच्या काही प्रकारांना फाशी होती. त्या देशातून आलेल्यांच्या वंशजांनी लिहून ठेवलं, की स्वतःच्या आणि कुंपण नसलेल्या इतर जमिनीवर शिकार करायला आणि होडी जाईल अशा पाण्यात मासे पकडायला माणसाला मोकळीक राहील. पेनसिल्व्हेनियानं १७७६ साली असंच कलम घातलं होतं, पण १७९० च्या नव्या घटनेत ते गळलं. म्हणजे मूळ हेतू सरळ होता: साहेबानं गरिबाच्या तोंडचं सावज काढून घेऊ नये.

त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षं शिकारीच्या बाबतीत सामसूम. ऱ्होड आयलंड आणि कॅलिफोर्निया (१९१०) यांनी मासेमारीपुरतं काही लिहिलं, तेवढंच. मग १९९६ मध्ये अलाबामा आणि तिथून रांगच लागली. मिनेसोटा १९९८, व्हर्जिनिया आणि नॉर्थ डकोटा २०००, विस्कॉन्सिन २००३, २०१० मध्ये एकदम तीन, २०१२ मध्ये चार, टेक्सस २०१५, नॉर्थ कॅरोलायना २०१८, यूटा २०२०. व्हर्माँट धरून आतापर्यंत २३. फ्लोरिडानं 'हो' म्हटलं तर २४.

आता विचारा, नव्वदच्या दशकात असं काय झालं?

पॉपकॉर्नवाला

विचारलं.

वकीलीणबाई

@पॉपकॉर्नवाला, धन्यवाद. :)

झालं असं, की शहरं वाढली, शिकारी घटले आणि प्राणीप्रेमी संघटनांना सापडलं जनमताचं हत्यार. ज्या राज्यांत लोक सह्या गोळा करून थेट मतदान मागू शकतात तिथे त्यांनी सपाटा लावला. कॅलिफोर्नियात १९९० मध्ये पहाडी सिंहाच्या शिकारीवर बंदी आली. कोलोराडोत १९९२ मध्ये अस्वलांना आमिष लावून, कुत्रे सोडून किंवा वसंत ऋतूत मारायला मनाई झाली. १९९६ मध्ये तिथेच सापळ्यांवर, आणि मॅसॅच्युसेट्समध्ये सापळे व अस्वलामागे कुत्रे सोडण्यावर बंदी. शिकाऱ्यांच्या लक्षात आलं, की विधिमंडळात आपलं वजन आहे, पण डेन्व्हर-बॉस्टनसारख्या शहरांच्या मतपेटीत नाही. साधा कायदा जनमतानं बदलता येतो, घटना बदलणं अवघड. म्हणून घटनेत.

तेव्हा तुमच्या 'कुणीही अडवत नाहीये' याचं उत्तर हे: आजच्या माणसाविरुद्ध नाही, उद्याच्या मतदाराविरुद्ध बांधलेली ही भिंत आहे. यूटानं १९९८ मध्येच त्याहून पुढची युक्ती केली होती. वन्यजीवांबद्दलचा प्रस्ताव जनतेनं आणला तर तो मंजूर व्हायला दोनतृतीयांश मतं हवीत, असं घटनेतच घातलं.

शाकाहारी_वाघ

म्हणजे लोकशाहीला घाबरून लोकशाहीच्या मार्गानं लोकशाहीला कुलूप. वा!

वकीलीणबाई

प्रत्येक मूलभूत हक्क तेच करतो हो. बहुमताला कुलूप. प्रश्न एवढाच, की शिकार त्या पंगतीत बसते का. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९७८ मध्ये हे आलं होतं. मोंटानात एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला स्थानिकाला ९ डॉलर पडायचे आणि बाहेरच्याला २२५ डॉलरचा एकत्रित परवाना घ्यावा लागायचा. बाहेरचे कोर्टात गेले. कोर्ट म्हणालं, हौसेची एल्क-शिकार हा काही सर्व राज्यांत समान मिळावा असा मूलभूत हक्क नाही. म्हणजे केंद्राच्या घटनेत जागा नाही म्हटल्यावर राज्याची घटनाच उरते. मोंटानानं २००४ मध्ये घातलं.

देशी_रॅम्बो

अहो पण देशाच्या घटनेतली दुसरी दुरुस्ती आहे ना! बंदूक बाळगायचा हक्क आहे म्हणजे शिकारीचा आलाच.

वकीलीणबाई

नाही आला. बंदूक हातात असणं वेगळं, हरीण कुणाचं हे वेगळं. शिवाय गळाला दुसरी दुरुस्ती लागू करणार का?

निमाताई_एडिसन

न्यू जर्सीत हा हक्क घटनेत नाही, पण हरणांनी आमचा हिरावून घेतलाय. मेथी, चवळी, दोडक्याचा वेल, सगळं स्वाहा. यंदा तर तुळससुद्धा! जाळी लावली, साबणाच्या वड्या टांगल्या, कुणी सांगितलं म्हणून केसही टाकले. एक दिवस खिडकीतून बघते तर पाच जणी ओळीनं उभ्या, जणू हळदीकुंकवाला आल्यात. यजमानांना लाइम रोग होऊन गेला. हरणांवरच्या गोचिडांनी पसरतो तो. माझे अहिंसेचे विचार तिथेच संपले.

आमच्या टाउनशिपमध्ये धनुष्यबाणवाल्यांना परवानगी द्यायची का यावर सभा झाली होती. मी हात वर केला. देवळातल्या मैत्रिणी आठवडाभर बोलल्या नाहीत. मग त्यांचीही वांगी गेली.

पॉपकॉर्नवाला

निमाताई, हरणाच्या मागे लागल्यावर काय होतं हे रामायणात आहे. जरा जपून.

विस्कॉन्सिनची_सून

रामायणावरून आठवलं. सासरे (अमेरिकन) दर नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी पहाटे चारला निघतात. नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम. गावात त्या आठवड्यात नळ दुरुस्तीला माणूस मिळत नाही. सगळ्यांना भडक नारिंगी घालायची सक्ती. २०१६ पासून भडक गुलाबीही चालतो. मी सासऱ्यांना दशरथ आणि श्रावणबाळाची गोष्ट सांगितली. पाण्यात घागर बुडाल्याचा आवाज, अंधारात बाण, सगळं. ते गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "न दिसणाऱ्या सावजावर नेम धरायचा नाही, हा आमच्या सुरक्षा वर्गातला पहिला धडा. आणि त्या मुलानं नारिंगी जाकीट घालायला हवं होतं."

आता मुद्द्याचं. आमच्याकडे २००३ मध्ये हा हक्क घटनेत आला, आणि त्याच सुमाराला मॉर्निंग डव्ह नावाच्या होल्याच्या शिकारीवरून खटला चालू होता. हा पक्षी १९७१ पासून विस्कॉन्सिनचं शांततेचं प्रतीक! प्रतीकावर गोळ्या कशा झाडता म्हणून लोक कोर्टात गेले. २००४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं शिकारीला परवानगी देणाऱ्या सरकारी खात्याच्या बाजूनं निकाल दिला. मुख्य आधार जुन्या कायद्यातल्या अधिकारांचा होता, पण नव्या दुरुस्तीचा उल्लेखही निकालात आलाच. तेव्हा 'नुसतं शोभेचं कलम' असं समजू नका.

भटक्या_पाणलोट

मी वन्यजीवशास्त्र शिकलो, दोन वर्षं मोंटानात होतो. शाकाहारी_वाघ यांच्याशी भावनेनं सहमत, हिशेबानं नाही.

इथल्या राज्यांचं वन्यजीव खातं चालतं ते मोठ्या प्रमाणात परवान्यांच्या पैशावर. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानं रायफली आणि काडतुसांवरचा केंद्रीय कर (आता तो ११ टक्के आहे) राज्यांना वन्यजीवांसाठी मिळू लागला. १९५० मध्ये मासेमारीच्या साहित्यावरही तसाच. पाणपक्ष्यांच्या शिकाऱ्याला १९३४ पासून बदकांचं तिकीट विकत घ्यावं लागतं, आज ते २५ डॉलरचं आहे, आणि त्या पैशातून पाणथळ जमिनी वाचवल्या जातात. पांढऱ्या शेपटीचं हरीण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कित्येक राज्यांतून संपत आलं होतं. ते परत आलं त्यात हंगाम, मर्यादा आणि या पैशांचा मोठा वाटा आहे. बाजारासाठी मांस विकायची बेलगाम शिकार बंद केली ती हौशी शिकाऱ्यांच्याच दबावानं.

अडचण ही, की शिकारी घटताहेत. २०१६ च्या केंद्रीय पाहणीत १ कोटी १५ लाख निघाले, पाच वर्षांपूर्वीपेक्षा वीसेक लाखांनी कमी. त्यामुळे घटनेतल्या कलमामागे अहंकार कमी आणि धास्ती जास्त आहे असं मला वाटतं.

शाकाहारी_वाघ

हिशेबच काढायचा तर नीट काढा. तो कर पिस्तुलांवरही लागतो आणि पिस्तूल घेणारे बहुतेक लोक जंगलात पाय ठेवत नाहीत. दुर्बीण घेऊन पक्षी बघणाऱ्याकडून कर घेतला असता तर तोही दिला असता. 'आम्ही पैसे देतो म्हणून जंगल आमचं' हा युक्तिवाद मला सोसायटीच्या मीटिंगमध्येही आवडत नाही.

भटक्या_पाणलोट

पिस्तुलांचा मुद्दा बरोबर. मान्य. दुर्बिणीवरच्या कराची चर्चा इथे खूप वर्षं होतेय, घोडं पुढे सरकत नाही.

मालवणी_मासळी

मी मुंबईतून लिहितोय, अमेरिकेचं मला काय पडलं नाय, पण मासे म्हटल्यावर रहावत नाय.

आमच्या गावात आगोटीला पहिले दोन-तीन मोठे पाऊस झाले की चढणीचे मासे. ओहोळातून शेतात उलटे चढत येतात. रात्री बत्ती, कोयतो आणि टोपली घेऊन अख्खा वाडा बाहेर. कुणाच्या शेतात कोण शिरला याचा त्या रात्री हिशेब नसतो. एरवी बांधावरून कोर्टात जाणारे दोन भाऊ त्या रात्री एकाच ओहोळात उभे असतात. हा हक्क कुठल्या घटनेत नाही, पण काढून बघा कोण काढतंय तो.

मात्र आताशा मासे कमी झालेत. अंडी घालायला चढणारा मासाच आपण मारतो, हे आजोबा पण म्हणायचे आणि मारायचे पण.

खारीचा_वाटा

मालवणी_मासळी, कुंपण नसलेलं शेत आणि त्यातून जायची मोकळीक, हे वकीलीणबाईंच्या व्हर्माँटच्या कलमासारखंच झालं की. तिथे अजूनही जमिनीवर 'मनाई' अशा पाट्या लावून त्यांची दरवर्षी गावच्या दप्तरात नोंद केली नाही, तर शिकारी आत येऊ शकतो.

वकीलीणबाई

आणि ऱ्होड आयलंडच्या घटनेत किनाऱ्यावरून मासे धरणं, समुद्रात पोहायला उतरणं, किनाऱ्यानं चालत जाणं आणि समुद्रशेवाळ गोळा करणं हे चारही हक्क नाव घेऊन लिहिलेत. शेवाळ पूर्वी शेताला खत म्हणून जायचं. मला हे कलम फार आवडतं, कारण त्यात मारणं गौण आहे, पोचणं महत्त्वाचं आहे.

वऱ्हाडी_ठेचा

तुमचं चालू द्या बाप्पा हरणाचं. आमच्या इकडं यवतमाळात रानडुकरानं आणि रोह्यानं (नीलगाय हो) हरभरा ठेवला नाही. रात्रभर मचाणावर डबा वाजवत बसतो. १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद, हे बरोबरच झालं, नाहीतर काही उरलंच नसतं. पिकाचं नुकसान करणाऱ्या डुकराला मारायची परवानगी मागता येते, कागदावर. आम्ही अर्ज केला. उत्तर आलं तोवर हरभरा डुकरानं खाल्ला, तूर रोह्यानं खाल्ली आन् अर्जाची पोच उंदरानं.

अमेरिकेत ज्याच्या हाती बंदूक त्याला घटनेत हक्क पाहिजे. इथं ज्याचं पीक गेलं त्याला नुसतं उत्तर वेळेवर पाहिजे.

निमाताई_एडिसन

+१००. आणि माझ्या तुळशीच्या वतीनं आणखी +१.

गोदाकाठ

वऱ्हाडी_ठेचा यांच्या प्रतिसादाला जोडून. आपल्याकडे 'पारंपरिक शिकारीचा हक्क' म्हटलं की मला फासेपारधी आठवतात. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आणला आणि पुढे त्यांच्यावर शिक्का मारला. तो शिक्का १९५२ मध्ये पुसला, आणि वीस वर्षांत वन्यजीव कायदा आला. ज्याला तितर-ससे धरण्यापलीकडे दुसरा धंदा शिकवलाच नव्हता, त्याचा धंदा गुन्हा झाला. २००६ च्या वनहक्क कायद्यानं आदिवासींचे बाकी पारंपरिक हक्क मान्य केले, पण शिकार त्यातून स्पष्ट वगळली. मी वगळण्याच्या विरोधात नाही. पण फ्लोरिडातल्या 'पारंपरिक पद्धती'मागे जवळजवळ पूर्ण विधिमंडळ उभं राहतं आणि पारध्याच्या फाशामागे कुणीच नाही, हे वाचताना खटकलं एवढंच.

विस्कॉन्सिनची_सून

गोदाकाठ, इथेही तेच आहे. उत्तर विस्कॉन्सिनात ओजिब्वे या मूळनिवासी लोकांनी एकोणिसाव्या शतकात जमीन देताना करारात शिकार-मासेमारी राखून ठेवली होती. १९८३ मध्ये कोर्टानं ते मान्य केलं. मग वसंतात ते रात्री भाल्यानं वॉलाय मासे धरायला लागल्यावर ऐंशीच्या दशकाच्या शेवटी होड्यांच्या धक्क्यांवर जमाव जमायचे. दगड, शिव्या, वाचवत नाहीत अशा घोषणा. ज्यांनी पुढे घटनेत 'हक्क' मागितला त्यांच्यातलेच काही तेव्हा दुसऱ्याच्या हक्काविरुद्ध ओरडत होते. सासरे त्या धक्क्यावर गेले होते. कुठल्या बाजूला उभे होते ते आजतागायत सांगत नाहीत.

वकीलीणबाई

याच्यावर सर्वात बोलकं उदाहरण वायोमिंगचं. त्यांनी २०१२ मध्ये हक्क घटनेत घातला. २०१४ मध्ये क्रो जमातीच्या एका माणसानं बिगहॉर्न जंगलात बिगरहंगामी एल्क मारला म्हणून त्याच राज्यानं त्याच्यावर खटला भरला. तो सर्वोच्च न्यायालयात गेला, घटनेतल्या नव्या ओळीवर नाही, १८६८ च्या करारावर. २०१९ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी ठरलं, की वायोमिंग राज्य झाल्यामुळे तो करार संपलेला नाही.

टँपाकर

बापरे. मी मेणबत्तीच्या उजेडात एक ओळ वाचली होती.

आता माझी एक माहिती. शेजाऱ्यांना 'पारंपरिक पद्धती' म्हणजे काय ते विचारलं. ते जरा अडखळले. फ्लोरिडात १९९४ मध्ये लोकांनीच मतदान करून गिलनेट, म्हणजे मासा कल्ल्यात अडकवणारी जाळी, घटनेतूनच बंद केली होती. विरोधकांना भीती आहे, की 'पारंपरिक'च्या नावाखाली ती परत येतील, किंवा अस्वलामागे कुत्रे सोडणं येईल. समर्थक म्हणतात, आयोगाचे अधिकार शाबूत आहेत, काही येत नाही. शेजारी स्वतः जाळीबंदीच्या बाजूनं मत दिलेले! मला म्हणाले, "तेव्हा मासे उरले नव्हते."

मालवणी_मासळी

हे भारी आहे. आमच्याकडे 'पारंपरिक' म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारा रापणवाला, छोटी होडी. तो मोठ्या यांत्रिक बोटीच्या पर्ससीन जाळीवाल्याच्या विरोधात रस्त्यावर उतरतो. तुमच्याकडे 'पारंपरिक' म्हटलं की लोक जाळ्याला घाबरतात. शब्द एकच, पण कुणाच्या तोंडात आहे ते बघायचं.

देशी_रॅम्बो

पण प्रत्येक ठिकाणी हे मंजूर होतंच ना? मग कशाला डोकेफोड.

वकीलीणबाई

ॲरिझोनात २०१० मध्ये पडलं. तिथल्या मसुद्यात हक्कासोबत वन्यजीवांवरचा सगळा अधिकार विधिमंडळाकडे देण्याची मेख होती. लोकांनी 'नाही' म्हटलं. मला तर तोच यातला खरा धडा वाटतो. हक्क शिकारीचा म्हणून विकला जातो, पण आत बघायचं ते निर्णय कोण घेणार ते: मतदार, आमदार, की आयोग.

मेनमध्ये तर गंमतच झाली. २०२१ मध्ये 'अन्नाचा हक्क' घटनेत आला: स्वतःच्या पसंतीचं अन्न पिकवणं, मिळवणं, खाणं. लगेच एक जोडपं कोर्टात, की मग रविवारची शिकारबंदी घटनाबाह्य. २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, बंदी राहील.

निमाताई_एडिसन

आमच्याकडेही रविवारी बंदुकीनं हरीण मारता येत नाही. हरणांना ते माहीत असावं. रविवारी जास्त येतात.

पॉपकॉर्नवाला

अवांतर: फ्लोरिडाच्या घटनेत गाभण डुकरिणींना अरुंद पिंजऱ्यात कोंडायचं नाही, असंही कलम आहे. २००२. शोधून खात्री केली, गंमत करत नाहीये. म्हणजे पाळीव डुकरिणीला संरक्षण आणि रानडुकराला गोळी, दोन्ही एकाच घटनेत.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्या डुकरांना सांगू नका. तिकडचा व्हिसा मागतील.

टँपाकर (६ नोव्हेंबर २०२४)

निकाल: ६७ टक्के. मंजूर. फ्लोरिडा चोविसावं. इथे दुरुस्तीला ६० टक्के लागतात. गांजा आणि गर्भपाताचे प्रस्ताव निम्म्याहून जास्त मतं मिळवूनही पडले, आणि मासा तरून गेला. वकीलीणबाईंनी खाजगी निरोपातून सांगितलं, की ही ६० टक्क्यांची अट स्वतः २००६ मध्ये ५८ टक्क्यांच्या आसपासच मतांनी मंजूर झाली होती. यावर काय बोलावं.

मी काय मत दिलं ते विचारू नका, घरात शांतता आहे.

खारीचा_वाटा

त्याच दिवशी कोलोराडोत पहाडी सिंहाच्या शिकारबंदीचा प्रस्ताव आला होता. पडला. आणि कोलोराडोत शिकारीचा हक्क घटनेत नाहीच. म्हणजे भिंत नसतानाही शिकारी वाचले. शाकाहारी_वाघ, तुम्हाला काय वाटतं?

शाकाहारी_वाघ

मला वाटतं, माझ्या नावात वाघ असल्यामुळे मी यावर तटस्थ राहू शकत नाही.

टँपाकर (१० जानेवारी २०२६)

धागा वर काढतोय. डिसेंबरात फ्लोरिडात अस्वलांची शिकार झाली, २०१५ नंतर पहिल्यांदा. तेव्हा दोन दिवसांत ३०४ अस्वलं मेली आणि हंगाम मधेच थांबवला होता. यंदा सोडत काढून १७२ परवाने दिले, एका परवान्यावर एक अस्वल, आणि मारली गेली ५२. सोडतीचे अर्ज लाखाच्या वर. त्यात विरोधकही होते. नंबर लागला तर परवाना घ्यायचा आणि घरात ठेवायचा!

माझ्या मुलीनं, आता अठरा पूर्ण, पाच डॉलर भरून अर्ज केला होता. नंबर लागला नाही. शेजाऱ्यांनीही केला होता. त्यांचाही नाही. काल ते मासा घेऊन आले तेव्हा दोघं दारात उभे राहून अर्धा तास सोडतीला शिव्या देत होते.

वकीलीणबाई

परवाना काढून तो न वापरणं, हा शिकारीच्या हक्कात मोडतो का? कुणीतरी कोर्टात जा, मला वाचायला आवडेल.

निमाताई_एडिसन

टँपाकर, मासा साफ करून आणला होता का?

टँपाकर

नाही. बायको अजून वाट बघतेय.